साडेअठराशेचा कॉम्प्युटर आणि गच्चीवरची टाकी

सोलापुरात मे महिन्यात दुपारी तीनला बाथरूमचा नळ सोडला, तर पहिली पाच मिनिटं त्याखाली हात धरायची सोय नसते. गच्चीवर काळी टाकी, वरून बेचाळीसचं ऊन. यावरून आमच्याकडे दर उन्हाळ्यात तोच वाद. सौ. म्हणते पाणी उकळतंय, मी म्हणतो उकळायला शंभर डिग्री लागतात. यंदा भाचा पुण्याहून आला होता. तो म्हणाला, "मामा, भांडण्यापेक्षा मोजा की. तुमच्यासाठी एक वस्तू मागवतो."

ती वस्तू म्हणजे रास्पबेरी पाय झिरो २ डब्ल्यू, एका छोट्या बोर्डावर मावणारा कॉम्प्युटर. पार्सल आलं तेव्हा सौ.ने विचारलं, "अहो, कुणाचा पाय?" तेव्हापासून घरात त्याला 'पाय'च म्हणतात. आमच्या धंद्यात तर आयसीच्या पिनांनाही पायच म्हणतात, त्यामुळे दुकानात फोनवर "चाळीस पायांचा पाय" असं बोललो की गिऱ्हाईक बघत राहतं.

मी टीव्ही रिपेअर करतो. १९८६ पासून. खाली दुकान, वर घर. ब्लॅक अँड व्हाइट गेले, कलर आले, पिक्चर ट्यूब गेली, आता एलईडी पॅनेल. पूर्वी एक कॅपॅसिटर शोधायला दोन तास लागायचे, आता अख्खा बोर्डच बदलतात. हात मोकळे असतात. हे सांगायचं कारण, मी कॉम्प्युटरवाला नाही. सोल्डरिंग येतं, मल्टिमीटर कळतो, इंग्रजी वाचून समजतं, एवढ्या भांडवलावर हा बोर्ड दोन महिने वापरला. इंजिनिअरिंगच्या पोरांना यातलं बरंचसं बाळबोध वाटेल.

बोर्ड ६५ मिलिमीटर लांब, ३० रुंद. काडेपेटीपेक्षा जरा लांब, पण तिच्यापेक्षा खूप पातळ. भिंग लावून बघितला. मधोमध एकच चौकोनी चिप, तिच्यातच प्रोसेसर आणि ५१२ एमबी रॅम दोन्ही. चार कोअर, १ गिगाहर्ट्झ. बाजूला वायफायचा पत्रा. एका कडेला तीन खाचा: मिनी एचडीएमआय, डेटाची मायक्रो यूएसबी, आणि टोकाला पॉवरची मायक्रो यूएसबी. हेडफोनचं भोक नाही, साधा यूएसबी पोर्ट नाही, बंद-चालूचं बटण नाही. कारागिरी मात्र नंबर एक. सोल्डर बघून मी माणसं ओळखतो, इथे एकही जॉइंट कोरडा नाही.

कोणी बनवलाय म्हणून भाच्याला विचारलं. मंडळी इंग्लंडमधल्या केंब्रिजची. पोरांना प्रोग्रामिंग शिकायला स्वस्त मशीन हवं म्हणून त्यांनी पहिला पाय २९ फेब्रुवारी २०१२ ला काढला, ३५ डॉलरला. हा झिरो २ डब्ल्यू २०२१ चा, १५ डॉलरचा. पण मला खरी गंमत पुढच्या माहितीची वाटली. हे बोर्ड वेल्समधल्या पेनकोड गावी, सोनीच्या कारखान्यात तयार होतात, आणि तो कारखाना पूर्वी पिक्चर ट्यूबचे टीव्ही बनवायचा! म्हणजे आमचंच घराणं. त्यानंतर मी त्या बोर्डाशी जरा आदराने वागायला लागलो.

१५ डॉलर ऐकून हुरळून जाऊ नका. मला तो कुरिअरसकट १,८५० ला पडला, आणि नुसता बोर्ड आणून काहीही होत नाही. कार्ड लागतं, सप्लाय लागतो, पिना लागतात. मॉनिटरला जोडायचा तर मिनी एचडीएमआयचा अडॅप्टर वेगळा. मी तो १८० ला घेतला आणि एकदाही वापरला नाही, ते पुढे सांगतो.

पिनांची पट्टी स्वतः सोल्डर करावी लागते. चाळीस भोकं, दोन रांगा. लावून मिळणारा बोर्डही असतो, थोडा महाग. ज्याने कधी सोल्डर केलेलं नाही त्याने तोच घ्यावा, उगाच शौर्य दाखवू नये. माझी पंधरा मिनिटं गेली आणि खरं सांगू, या सगळ्या भानगडीत मला स्वतःबद्दल बरं वाटलं ते तेवढ्याच पंधरा मिनिटांत.

कारण पुढे कार्ड आलं. पायाला हार्ड डिस्क नसते, सगळी सिस्टिम मायक्रो एसडी कार्डावर राहते. मी शहाणपणा केला. बाजारात एका हातगाडीवर ६४ जीबीचं कार्ड दीडशेला मिळालं. दुकानातल्या जुन्या लॅपटॉपवर रास्पबेरी पाय इमेजर नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर घेतलं, त्याने सिस्टिम कार्डावर लिहिली, तपासली, 'झालं' म्हणाला. पहिल्या दिवशी चाललंही. दुसऱ्या दिवशी सकाळी काहीच नाही, हिरवा दिवा मेला. भाच्याने कार्ड पूर्ण भरून तपासायला लावलं. पहिले ८ जीबी खरे, बाकी हवा. सिस्टिम छोटी असते, ती खऱ्या भागात बसली. मग ती पसरून पुढे लिहायला गेली आणि पुढे जागाच नव्हती. गाडीवाल्याने व्यवस्थित चुना लावला होता. दुसरं कार्ड ३२ जीबीचं, ओळखीच्या दुकानातून, पक्क्या बिलावर. ते अजून चालू आहे.

इमेजर मात्र झकास आहे. वेगळा मॉनिटर, कीबोर्ड, माऊस काही लागत नाही. कार्ड लिहितानाच तो विचारतो: मशीनचं नाव काय, युजर कोण, पासवर्ड काय, घरच्या वायफायचं नाव काय, लांबून लॉगिन करू द्यायचं का. भरून टाकलं की पाय थेट वायफायवर येतो आणि लॅपटॉपच्या काळ्या खिडकीतून त्यात शिरता येतं. म्हणून तो १८० चा अडॅप्टर खोक्यातच राहिला. सिस्टिम निवडताना 'लाइट' घ्या, म्हणजे नुसती अक्षरांची. ५१२ एमबी रॅमवर रंगीत डेस्कटॉप चालतो म्हणे, पण त्यावर इंटरनेटचं पान उघडणं म्हणजे लुनावर हत्ती बसवणं.

आता इथे नवख्या माणसाची एक चूक होते. तीही मी करून बसलोय. हे सगळं मी आधी व्हिडिओ बघून केलं होतं, इमेजरमध्ये काही न भरता. व्हिडिओत सांगितलं होतं की युजर 'पाय', पासवर्ड 'रास्पबेरी', आणि वायफायसाठी कार्डावर अमुक नावाची फाईल टाका. अख्खी संध्याकाळ गेली, आत घेईना. भाचा हसला. तो ठरलेला युजर २०२२ च्या एप्रिलमध्येच काढून टाकलाय, आणि ती वायफायची फाईल २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या सिस्टिमपासून कोणी विचारत नाही. यूट्यूबवर मात्र जुने व्हिडिओच सगळ्यात वर येतात, कारण लाखो लोकांनी बघितलेत. तेव्हा व्हिडिओ लावायच्या आधी त्याची तारीख बघा. दुसरी गोष्ट, हा बोर्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय धरतो. आमच्या राउटरची दोन नावं आहेत, त्यातलं '५जी' लिहिलेलं मी मोठ्या उत्साहाने भरलं होतं. जोरात चालेल म्हणून.

एवढं होऊन पाय सुरू झाला. जिन्याच्या वरच्या टोकाला, गच्चीच्या दाराशी एका प्लास्टिकच्या डब्यात बसवला. आणि मग खरी फजिती झाली. चाळीस वर्षांच्या धंद्याला लाज आणणारी.

तापमान मोजायचा, भाच्याने पाठवलेला प्रोग्राम चालू केला की दहा-पंधरा मिनिटं चालायचा, मग पाय आपोआप बंद होऊन पुन्हा चालू. कधी तासभर काही नाही, कधी दोनदा लागोपाठ. मी कार्डावर शंका घेतली, सिस्टिम दोनदा नव्याने लिहिली. गरमीवर शंका घेतली, डब्याला भोकं पाडली. प्रोग्रामवर घेतली, म्हणजे भाच्यावर. शेवटी त्याने फोनवर विचारलं, "मामा, चार्जर कुठला लावलाय?"

"मोबाईलचा. चांगला आहे, २ अँपिअर लिहिलंय त्यावर."

"आणि वायर?"

मी गप्प. दुकानात कोणीही बंद सेट घेऊन आलं की आधी सप्लाय बघायचा, हे मी किती पोरांना शिकवलंय. मल्टिमीटर घेऊन वर गेलो. पिन २ आणि पिन ६ वर टोकं धरली. पाय निवांत असताना ४.८ व्होल्ट. कामाला लावला की ४.४. चार्जरच्या तोंडाशी मोजलं तर ५.०५, अगदी बरोबर. म्हणजे चोर वायर. पलंगापासून लांब पुरावी म्हणून आणलेली दोन मीटरची, केसाएवढ्या तारांची. सहाशे मिलिअँपिअरचा करंट, वायरीचा एक ओहम, गेले ०.६ व्होल्ट. ओहमचा नियम आहे, त्यात कॉम्प्युटर कुठे आला?

मोबाईलला अशी वायर चालते कारण त्याच्या पोटात बॅटरी असते. चार्जिंग सावकाश होतं, आपल्याला कळत नाही. पायाला बॅटरी नाही, त्याला त्या क्षणी लागेल तेवढं त्या क्षणी मिळालंच पाहिजे. पायाचा स्वतःचा अडॅप्टर बघा, ५.१ व्होल्ट, अडीच अँपिअर, आणि वायर त्यालाच जोडलेली. वरचा ०.१ व्होल्ट वायरीत जाणार हे धरूनच दिलेला. कोणीतरी विचार केलाय. तो ७८० ला आणला. त्या दिवसापासून एकदाही बंद पडला नाही.

या बोर्डाबद्दल माझी खरी तक्रार इथेच आहे. मोठ्या पायांमध्ये व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की ते ओळखणारं सर्किट असतं, स्क्रीनवर विजेची खूण येते, नोंद राहते. झिरोच्या घराण्यात ते सर्किटच नाही. सगळ्यात स्वस्त बोर्ड नवशिके घेणार, घरातला मिळेल तो चार्जर नवशिकेच लावणार, आणि 'सप्लाय कमी पडतोय' हे सांगायची सोय नेमकी त्यांनाच नाही. माझ्याकडे मल्टिमीटर होता. ज्याच्याकडे नाही तो महिनाभर सॉफ्टवेअरला शिव्या घालत बसेल.

सेन्सर साधा निवडला. डीएस१८बी२० म्हणतात, स्टीलच्या नळीत बंद केलेला मिळतो, पाण्यात सोडता येतो, १५० रुपये. तीन वायरी. लाल ३.३ व्होल्टला, काळी ग्राउंडला, पिवळी सातव्या पिनेला, आणि पिवळी-लालच्या मध्ये एक ४.७ किलोओहमचा रेझिस्टर. त्याचे पट्टे पिवळा-जांभळा-लाल. माझ्या डब्यात किलोभर पडलेत. इथे एकच गोष्ट लक्षात ठेवा: पायाच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, ५ व्होल्ट त्यांना सोसत नाही. आमच्या काळचा सगळा डिजिटल माल ५ व्होल्टचा, त्यामुळे हात सवयीने तिकडेच जातो. आणि ५ व्होल्टची पिन अगदी शेजारीच बसवून ठेवली आहे.

हा सेन्सर चालू केल्यावर मला फार आवडला. सिस्टिममध्ये एका ठिकाणी २८ ने सुरू होणारा फोल्डर तयार होतो. त्यातली फाईल उघडली की तापमान लिहिलेलं, हजाराने गुणून. ३१२५० म्हणजे ३१.२५. बस. फाईल वाचायची, हजाराने भागायचं. पाच-पंचवीस ओळींचा पायथन प्रोग्राम भाच्याने पाठवला, मी त्यात फेरफार करायला शिकलो. पायथनमध्ये ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा मोजतात, एक जास्त पडली की रुसतो. या बाबतीत तो आमच्या चौथीतल्या गुरुजींसारखा आहे.

पहिल्या आठवड्यात एकदा टाकीचं तापमान ८५ आलं. सौ. म्हणाली, "बघा, मी सांगत होते." पाच मिनिटं मीही घाबरलो. ८५ हा त्या सेन्सरचा चालू होतानाचा ठरलेला आकडा असतो. मोजणी पूर्ण व्हायच्या आत कोणी विचारलं तर तो तेवढंच सांगतो. म्हणजे मध्येच त्याचा सप्लाय तुटून पुन्हा आला होता. गच्चीवरचा जोड नुसता पिळून टेप मारलेला होता, सोल्डर केला, ८५ गेले.

महिन्याभराचे आकडे सांगतो, त्यासाठीच तर हा खटाटोप. टाकीचं पाणी सगळ्यात गरम बाराला नसतं, चार वाजून गेल्यावर असतं. माझ्या नोंदीत सगळ्यात जास्त ४४.१. सगळ्यात थंड सकाळी साडेसहाला, २९.८. म्हणजे वाद कोणीच जिंकला नाही. पण ४४ चा आकडा रोज मोबाईलवर दिसायला लागल्यावर मी गच्चीवर गेलो, टाकीला दोन हात चुना मारला आणि वरून ओलं गोणपाट टाकलं. पुढच्या आठवड्यात ऊन तेवढंच होतं, टाकी ३८.९ च्या वर गेली नाही. चुना मारायचं सौ. चार वर्षं सांगत होती, हे तिने लगेच आठवण करून दिलं.

बंद करताना मात्र वायर उपटू नका. कार्डावर लिहिणं चालू असताना करंट गेला तर सिस्टिम बिघडू शकते. आधी बंद करायची कमांड द्यायची, हिरवा दिवा थांबू द्यायचा. लाइट जाते त्याचं काय, तर मी राउटरला असतो तसला छोटा यूपीएस लावलाय.

नुसतं तापमान बघायला हा बोर्ड घ्यावा का? नाही. खरं सांगायचं तर त्याला ईएसपी३२ नावाचा तीन-चारशेचा बोर्ड पुरतो, तो करंटही कमी खातो आणि वायर उपटली तरी त्याला काही होत नाही. दुकानात 'रास्पबेरी पाय पिको' म्हणून एक मिळतो, तोही त्याच जातीचा. नाव सारखं, पण तो लिनक्स, म्हणजे पायावरची ती सिस्टिम, चालवणारा कॉम्प्युटर नव्हे. स्वस्त दिसला म्हणून चुकून तो आणू नका. पाय घ्यायचा तो एकाच बोर्डावर मोजणी, नोंद, मोबाईलवर दिसणारं पान आणि उद्या आणखी काहीतरी, असं सगळं करायचं असेल तर. आणि चुकलं तर कार्ड पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येतं. टीव्हीत ही सोय नव्हती. तिथे चूक झाली की फ्लायबॅक, म्हणजे हाय व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर, जायचा आणि खिशातले पैसेही.

ते 'आणखी काहीतरी' माझ्याकडे आठवड्यातच निघालं. बोर्डाच्या पाठीवर एक टेस्ट पॉइंट आहे, त्यावर कंपोझिट व्हिडिओ मिळतो. जुन्या टीव्हीच्या मागे पिवळी पिन खुपसायचो तोच सिग्नल! हे वाचल्यावर मला झोप लागेना. दुकानात एक १४ इंची पोर्टेबल पडून आहे, पिक्चर ट्यूबचा, कोणी न्यायला आलंच नाही. टेस्ट पॉइंटला बारीक वायर सोल्डर केली, सेटिंगच्या फाईलीत एक शब्द घालून कंपोझिट चालू केलं, आणि चित्र आलं. पण वर सरकणारं, आणि रंग नाही. बाकी कोणी असता तर बोर्डाला दोष दिला असता. मला बघताक्षणी कळलं, हा एनटीएससी पाठवतोय. अमेरिकन पद्धत. आपलं पाल. दुसऱ्या फाईलीत पाल घातल्यावर चित्र टाचणी टोचल्यासारखं स्थिर झालं आणि रंग उमटले. भाच्याला हे मी सांगितलं, त्याने मला नाही. त्याला पाल म्हणजे भिंतीवरची तेवढीच माहीत.

त्या टीव्हीसाठी दुसरा बोर्ड मागवला. या वेळी बोर्ड, त्याचा स्वतःचा अडॅप्टर आणि ३२ जीबीचं पक्क्या बिलाचं कार्ड असं एकदमच घेतलं, ३,११० झाले. कार्ड लिहिण्यापासून वायफायवर येईपर्यंत वीस मिनिटं लागली. पोर्टेबल आता काउंटरवर असतो आणि दिवसभर टाकीचं तापमान दाखवतो, हिरव्या मोठ्या अक्षरांत. काल एक जण रिमोट दुरुस्त करायला आला होता, तो बराच वेळ बघत उभा राहिला आणि म्हणाला, "काका, हे कुठलं चॅनल?"